नाव बापाचं, गाव दगडाचं

1930 सालची गोष्ट. पॅरिसमध्ये पंचवीस वर्षांचा एक शिल्पकार पूर्वेकडे निघण्याच्या तयारीत होता. मॉस्को गाठायचं, तिथून सायबेरिया ओलांडणारी रेल्वे धरायची आणि बारा वर्षांपूर्वी सुटलेलं जपान पुन्हा बघायचं, असा बेत होता. तेवढ्यात जपानहून वडिलांचं पत्र आलं. जपानला येताना माझं नाव लावून येऊ नकोस, असा त्याचा मतलब.

‘बापाचं नाव लावणं’ ही आपल्याकडे शाळेत नाव घालायच्या दिवशीच उरकणारी गोष्ट. इसामू नोगुचीने ते स्वतः लावलं, तेही वयाची विशी गाठताना, न्यूयॉर्कमध्ये, बापाला न विचारता. त्याआधी तो सॅम गिल्मोर होता. गिल्मोर हे आईचं आडनाव. एका माणसाला दोन नावं, दोन देश, आणि दोन्हीकडे दारात उभं करून चौकशी. विसाव्या शतकात मिश्र रक्ताची पुष्कळ माणसं आपलं जपान शोधायला जपानला गेली. इसामूची कहाणी त्या सगळ्यांत गाजलेली. तिचा शेवट मात्र बापाच्या घरी होत नाही.

बापाचं नाव योने नोगुची. नागोयाजवळच्या त्सुशिमा गावचा. 1893 साली, अठराव्या वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, ओकलंडच्या टेकडीवर वोकिन मिलर या कवीच्या आश्रयाला राहिला आणि चक्क इंग्रजीत कविता लिहू लागला. जपानी तरुण इंग्रजीत कविता करतो याचं तिथे मोठं अप्रूप. अप्रूप होतं म्हणून इंग्रजी पक्कं होतं असं नव्हे. न्यूयॉर्कला आल्यावर, 1901 साली, लिखाण तपासून देणारं कुणीतरी हवं म्हणून त्याने जाहिरात दिली. ती वाचून आली लिओनी गिल्मोर: ब्रिन मॉरसारख्या नामांकित महिला महाविद्यालयात शिकलेली, पेशाने शिक्षिका. योनेची जी कविता आणि जी कादंबरी अमेरिकेने आणि लंडनने वाचली, तिच्यातली वाक्यं या बाईच्या हाताखालून गेलेली होती. दुसऱ्याच्या चुका रोज दुरुस्त करता करता माणूस त्याच्यात गुंतत असावा.

लग्न असं झालंच नाही. 1903 च्या नोव्हेंबरात योनेने एका कागदावर लिहून दिलं की लिओनी माझी कायदेशीर पत्नी आहे, आणि खाली सही केली. पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्या एका अमेरिकन पत्रकार बाईशीही त्याचं लग्नाचं बोलणं चाललं होतं. 1904 च्या शरद ऋतूत तो एकटाच जपानला परतला आणि त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये लिओनीला मुलगा झाला. बाप समुद्रापलीकडे. मुलाला धड नावही नव्हतं.

कॅलिफोर्नियात तेव्हा जपान्यांविरुद्ध वातावरण तापलं होतं. 1905 साली तिथे गोऱ्या आणि ‘मंगोल’ वंशीयांची लग्नं कायद्याने रद्दबातल ठरवली गेली; 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. अशा गावात एकट्या बाईने मिश्र मुलाला कसं वाढवायचं? 1907 च्या मार्चमध्ये लिओनी दोन वर्षांच्या पोराला घेऊन योकोहामाच्या धक्क्यावर उतरली. बापाने मुलाला नाव दिलं ते तेव्हा. इसामू, म्हणजे शूर. नाव दिलं, घर मात्र देता आलं नाही, कारण तिथे योनेचा दुसरा संसार सुरू झालेला होता.

जपानमध्ये कोण कुणाचा, हे ठरवते ती ‘कोसेकी’. कुटुंबाची सरकारी नोंदवही. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडची कुळाची वही आणि तलाठ्याचं दप्तर एकत्र बांधलं तर जे होईल तसं काहीसं. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, सगळं तिथे. तिच्यात नाव असलं की माणूस घरचा. लाफ्काडिओ हर्न हा आयरिश बाप आणि ग्रीक आई असलेला लेखक 1896 साली बायकोच्या कोसेकीत दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो या नावाने जपानी होऊन गेला. म्हणजे वाट होती, वहीतून जाणारी. हर्न वारला 1904 च्या सप्टेंबरात, इसामूच्या जन्माच्या दोन महिने आधी. पुढे पोटासाठी शिकवण्या करणाऱ्या लिओनीकडे इंग्रजी शिकायला आला हर्नचाच थोरला मुलगा काझुओ. दोन मिश्र मुलं: एकाचं नाव वहीत, दुसऱ्याचं आईच्या तोंडी.

गल्लीतली पोरं अशा मुलांना ‘आइनोको’ म्हणत. शब्दाचा अर्थ संकराचं पोर. त्यात माया नव्हे, हेटाळणी.

लिओनीने मग समुद्रकाठचं चिगासाकी हे गाव धरलं. तिथे तिने छोटंसं घर बांधायला काढलं आणि बांधकामावर नजर ठेवायचं काम दिलं ते आठ-नऊ वर्षांच्या इसामूला. शाळेत त्याचे हाल होत होते, म्हणून तिने त्याला एका सुताराकडे हाताखाली ठेवलं. जपानी करवत आपल्याकडच्यासारखी पुढे रेटून कापत नाही. ती स्वतःकडे ओढताना कापते. रंधाही तसाच, ओढायचा. पातं पातळ, दात बारीक, अंगाचा जोर लावला की वाकलंच. पोरगा ती हत्यारं पाजळायला शिकला, लाकडाचे सांधे जुळवायला शिकला. बापाने शिकवायचं ते सुताराने शिकवलं, असं वाक्य इथे सहज लिहून जाईल. पण बाप कवी होता, त्याने हे शिकवलंच नसतं.

1918 च्या उन्हाळ्यात लिओनीने तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याला अमेरिकेच्या जहाजावर बसवलं. इंडियाना राज्यातली, हातांना काम देणारी एक शाळा तिने मासिकात वाचून निवडली होती. इसामूच्या सांगण्याप्रमाणे, जहाज सुटायच्या वेळी बाप अचानक धक्क्यावर हजर झाला आणि मुलाला थांबवू लागला. आईने जा म्हटलं. तो गेला. तिकडे पोचल्यावर कळलं की शाळेची जागा लष्करी प्रशिक्षणाच्या छावणीने घेतली आहे. पोरगं बेवारस. शेवटी शाळेच्या संस्थापकाने, एडवर्ड रुमेलीने, ला पोर्ट गावातल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याची सोय लावली, आणि इसामूचा सॅम झाला. 1922 साली सॅम गिल्मोर शाळा पास झाला.

रश्मोर डोंगरावर पुढे राष्ट्राध्यक्षांची डोकी कोरणाऱ्या गटझन बोर्ग्लमने त्याला एक उन्हाळा हाताखाली ठेवला आणि निदान दिलं की हा मुलगा शिल्पकार होणं शक्य नाही. मग डॉक्टरकीची तयारी म्हणून कोलंबिया विद्यापीठ. तिथे असताना त्याची गाठ हिदेयो नोगुचीशी पडली. आडनाव तेच, नातं काही नाही. हा जगप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ, ज्याचं चित्र परवापरवापर्यंत जपानच्या हजार येनच्या नोटेवर होतं. त्यानेच सांगितलं की डॉक्टरकी सोड, कला धर. तोवर अमेरिकेत परतलेल्या आईने त्याला संध्याकाळच्या कलाशाळेत नेऊन घातलं. पहिल्या पुतळ्यांवर सही करायची वेळ आली तेव्हा त्याने गिल्मोर लिहिलं नाही. नोगुची लिहिलं. ज्या आईने वाढवलं तिचं नाव टाकून, ज्याने टाकलं त्याचं घेतलं. यात कृतघ्नपणा शोधणारे शोधोत. पोराला आपल्या चेहऱ्याशी जुळणारं नाव हवं होतं.

1927 साली गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना त्याने लिहिलं होतं की आधी पॅरिस, मग भारत आणि अतिपूर्वेचे देश. पॅरिसला शिल्पकार ब्रांकुशीच्या कार्यशाळेत तो असा रमला की भारत राहूनच गेला. पैसे संपले, न्यूयॉर्कला परतून त्याने ओळखीच्या आणि पैसेवाल्या लोकांची डोकी घडवली, विकली आणि 1930 मध्ये पुन्हा निघाला. तेव्हाच ते पत्र आलं.

तो मागे फिरला नाही. सरळ जपानलाही गेला नाही. सायबेरियातून पेकिंगला उतरला आणि तिथे सात-आठ महिने राहिला. ची बायशी हा तेव्हा सत्तरीच्या आसपासचा चित्रकार. जन्माने खेडूत, उमेदवारी सुताराची, आणि हातात असा कुंचला की कोळंबी कागदावर पोहावी. त्याच्याकडे बसून इसामूने शाईची चित्रं काढली. खुद्द बापाच्या देशाच्या उंबऱ्यावर येऊन थबकलेला हा मुलगा शेजारच्या घरात एका म्हाताऱ्या सुताराच्या पायाशी जाऊन बसला, हे मला त्या पत्रापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

1931 च्या सुरुवातीला तो जपानला आला. नोगुची याच नावाने. वर्तमानपत्रांना बातमी हवीच होती: प्रसिद्ध कवीचा अमेरिकन मुलगा बापाला भेटायला आला! बापलेकांच्या भेटी झाल्या त्या अवघडलेल्या, बऱ्याचशा मुक्या. आसरा दिला तो योनेच्या भावाने, ताकागीकाकांनी. या काकांचं डोकं इसामूने घडवलं, बापाचं नव्हे.

मग तो क्योतोला गेला. तिथे हिगाशियामा भागात उनो जिनमात्सू नावाच्या कुंभाराच्या भट्टीवर तो काही महिने माती मळत राहिला. राहायला एक मजुराची खोपी. क्योतोच्या संग्रहालयात त्याने ‘हानिवा’ पाहिल्या. प्राचीन जपानी सरदारांच्या थडग्यांभोवती मांडलेल्या मातीच्या पोकळ नळकांडी मूर्ती, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. पॅरिसमध्ये ब्रांकुशीने जे साधेपण शिकवलं ते इथे पंधराशे वर्षांपूर्वीच्या कुंभारांनी करून ठेवलेलं. मंदिरांमधल्या दगड-वाळूच्या बागाही त्याने तेव्हाच पाहिल्या. त्या सप्टेंबरात जपानी सैन्याने मंचुरियात घुसखोरी केली आणि इसामू अमेरिकेला परतला. 1933 सालच्या शेवटच्या दिवशी लिओनी न्यूयॉर्कमध्ये वारली.

बापाची गाठ या काळात आपल्याकडच्या लोकांशी पडली. 1935-36 मध्ये योने भारतात व्याख्यानं देत फिरला, रवींद्रनाथांना भेटला, सरोजिनी नायडूंना भेटला. जपानच्या धोरणांना इथल्या लोकांची सहानुभूती मिळवावी असाही त्या दौऱ्यामागे हेतू होता. चीनवरच्या आक्रमणानंतर 1938 साली त्याने रवींद्रनाथांना पत्र लिहून जपानची बाजू मांडली. रवींद्रनाथांनी इतकं खडसावून उत्तर दिलं की तो पत्रव्यवहार आजही वाचला जातो. ज्या माणसाची अर्धी कीर्ती इंग्रजीवर उभी होती, तो पुढे इंग्रज-अमेरिकनांविरुद्धच्या युद्धाचा भाट झाला.

आणि मुलगा? डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा तो कॅलिफोर्नियात होता. 1942 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हुकूमनामा 9066 काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना, ज्यात बहुसंख्य जन्माने अमेरिकन होते, उचलून छावण्यांत टाकलं गेलं. इसामूचं घर न्यूयॉर्कला. त्याला हुकूम लागू नव्हता. तरीही मे 1942 मध्ये तो आपल्या पायांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत जाऊन राहिला. ही जागा मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशातली. मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख जॉन कॉलियर याने त्याला सांगितलं होतं की इथे आदर्श वसाहत उभारू. इसामूने बागा, पोहण्याचे तलाव, अगदी दफनभूमीचेही आराखडे काढले. त्यातलं काही झालं नाही. छावणी चालवणाऱ्यांना सुंदर वसाहत नको होती, कुंपण हवं होतं. आतल्या लोकांना हा अर्धा गोरा, न्यूयॉर्कचा, साहेबांशी ऊठबस असलेला माणूस सरकारी हेर वाटे. तो आपणहून आत गेला खरा, बाहेर पडायला मात्र कित्येक महिने अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. नोव्हेंबरात तात्पुरती रजा मिळाली. त्या रजेवरून तो परत गेलाच नाही.

अमेरिकेने त्याला जपानी ठरवलं, तेही तो जपानी लोकांमध्ये परका ठरलेला असताना.

योनेचं तोक्योतलं घर 1945 च्या बॉम्बवर्षावात जळालं. युद्धानंतर बापलेकांत पत्रं सुरू झाली. जुलै 1947 मध्ये इबाराकीतल्या एका खेड्यात योने वारला. भेट राहिली.

1949 मध्ये इसामूला आणखी एक शिष्यवृत्ती मिळाली आणि वीस वर्षांपूर्वी राहून गेलेला भारत त्याने पाहिला. दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरची त्याने काढलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. ज्या शिल्पांत चढता येतं, ज्यांची सावली वेळ सांगते, अशी दगडी यंत्रं त्याच्या डोक्यात कायमची बसली. तिथून पुढे जात 2 मे 1950 रोजी तो तोक्योला उतरला.

एकोणीस वर्षांनी केवढा फरक! या वेळी नाव लावू नको म्हणणारं कुणी नव्हतं. उलट सगळ्यांना ते नाव हवं होतं. राखेतून उठणाऱ्या जपानला जगाशी जोडणारा, पण आपला वाटेल असा माणूस पाहिजे होता. चित्रकार हासेगावा साबुरोने त्याला क्योतोपासून इसेच्या मंदिरापर्यंत फिरवलं. तांगे केंझो, तानिगुची योशिरो हे वास्तुकार त्याच्याभोवती जमले. छायाचित्रकार झालेला सावत्र भाऊ मिचिओही जिव्हाळ्याने भेटला.

हे स्वागत सगळ्याच मिश्र मुलांच्या वाट्याला येत होतं असं मात्र समजू नये. इसामूच्या लहानपणीच्या चिगासाकीहून रेल्वेने दोन स्थानकं पुढे ओइसो लागतं. तिथे मित्सुबिशीच्या इवासाकी घराण्यातली लेक सावादा मिकी हिने 1948 साली एलिझाबेथ साँडर्स होम हा अनाथाश्रम उघडला होता. अमेरिकन सैनिक आणि जपानी बायकांची टाकून दिलेली पोरं तिथे वाढत होती. ज्या किनाऱ्यावर पन्नाशीला टेकलेल्या इसामूचे हार-तुरे चालले होते, त्याच किनाऱ्यावर ही पोरं पुन्हा ‘आइनोको’ ऐकत होती. त्यातली कित्येक पुढे दत्तक म्हणून अमेरिकेला गेली, तर काहींना सावादाबाईंनी थेट ब्राझीलमधल्या शेतावर पाठवलं.

केइओ विद्यापीठात योनेने चाळीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. विद्यापीठाचे संस्थापक फुकुझावा युकिची यांच्या काळची ‘बानराइशा’ ही बैठकीची जागा युद्धात जळाली होती. बानराइशा म्हणजे हजारोंनी यावं असं घर, कुणालाही मज्जाव नसलेलं. ते तानिगुचीने नव्याने बांधायचं आणि आतली बैठक व बाग इसामूने करायची, योने नोगुचीचं स्मारक म्हणून, असं ठरलं. ज्याने दारात येऊ नको म्हटलं त्याच्या नावाने मुलगा सताड उघडं घर सजवतो आहे! इसामूने मधोमध चूल मांडली, बसायला ओटे केले, बागेत दगडाचं एक मोठं कडं बसवलं. त्याचं नाव ‘मू’, म्हणजे काही नसणं. मावळतीचा सूर्य त्या कड्याच्या पोकळीत उतरून दिव्यासारखा दिसावा, अशी ती योजना. बापाचं व्यक्तिशिल्प त्यात कुठे नाही.

हिरोशिमाला जाताना 1951 साली तो वाटेत गिफूला थांबला. नागारा नदीत पाणकावळ्यांकडून मासे पकडण्याचा रात्रीचा खेळ चालतो, नावांवर कंदील पेटतात. गिफूच्या महापौरांनी त्याला गळ घातली की आमच्या कंदिलाच्या धंद्याला काहीतरी ऊर्जितावस्था आणा. ओझेकी या जुन्या कारखान्यात तो गेला. आकाशकंदील घरी केलेल्या कुणालाही ते काम चटकन कळेल, फरक एवढाच की कामट्या उभ्या-आडव्या बांधत नाहीत. आधी लाकडाच्या फाकांचा साचा जुळवतात. फाकांच्या कडेला खाचा असतात. दोऱ्यासारखी बारीक बांबूची कामटी त्या खाचांतून मळसूत्रासारखी वरपासून खालपर्यंत गुंडाळतात. मग तुतीच्या जातीच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्या खळ लावून चिकटवतात, जास्तीचा कागद पात्याने कापतात आणि वाळू देतात. वाळलं की आत हात घालून साच्याची एकेक फाक सोडवून काढून घेतात. उरतो नुसता कागदाचा आकार, तो दाबला की चपटा, सोडला की पुन्हा उभा.

इसामूने मुख्यतः दोन गोष्टी केल्या. कागदावरची फुलापानांची नक्षी पुसून टाकली आणि मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा ठेवला. नाव दिलं ‘आकारी’, उजेड. पुढे शंभराहून अधिक नमुने झाले. आज पुण्या-मुंबईतल्या दिव्यांच्या दुकानात जे पांढऱ्या कागदाचे गोल झुलतात, ते बहुतेक या गिफूच्या दिव्याचेच पडसाद. ना घेणाऱ्याला माहीत, ना विकणाऱ्याला.

हिरोशिमात तांगेने शांतता उद्यान आखलं होतं. तिथल्या रुंद रस्त्यावरच्या दोन पुलांचे कठडे इसामूला दिले गेले. एका कठड्याचं टोक आकाशाकडे डोळा लावलेल्या अर्धगोलाचं, दुसऱ्याचं नावेच्या सांगाड्यासारखं. नावं आधी जगणं आणि मरणं अशी होती, मग ‘त्सुकुरू’ आणि ‘युकू’ झाली: घडवणं, जाणं. त्यानंतर तांगेने खरं मोठं काम त्याच्या हाती ठेवलं, मृतांचं स्मारक. इसामूने काळ्या दगडाची जाडजूड कमान कल्पिली. तिचे पाय जमिनीखाली उतरणार, तिथे गुहेसारखी खोली, आणि त्या खोलीत बॉम्बच्या बळींच्या नावांची वही. क्योतोत पाहिलेल्या हानिवा पुन्हा वर आल्या होत्या.

1952 च्या वसंतात समितीने आराखडा फेटाळला. बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या माणसाने बळींचं स्मारक का करावं, हा मुद्दा होता. छावणीत जपानी म्हणून गेलेला माणूस इथे अमेरिकन ठरला. वेळ थोडा होता. तांगेने घाईने स्वतःच कमान आखली, घोड्यावरच्या खोगिरासारखी, आणि ती 6 ऑगस्ट 1952 ला खुली झाली. तिच्याखालच्या दगडी पेटीत नावांची वही आहे. दरवर्षी 6 ऑगस्टला तिच्यात नवी नावं चढतात.

त्याच सुमारास त्याने लग्न केलं, तेही नावाचा तिढा असलेल्या बाईशी. यामागुची योशिको मंचुरियात जन्मलेली, आई-बाप दोघंही जपानी. पण युद्धकाळात तिला ली शियांगलान या नावाने चिनी नटी म्हणून पडद्यावर आणलं गेलं. युद्धानंतर शांघायमध्ये देशद्रोही चिनी म्हणून तिच्यावर खटला उभा राहिला. ती वाचली ती कोसेकीमुळे. बालपणीच्या रशियन मैत्रिणीने तिच्या घरच्यांकडून एक बाहुली आणून पोचवली. बाहुलीत वहीचा उतारा लपवलेला होता. त्यावरून ती जपानी असल्याचं सिद्ध झालं आणि 1946 मध्ये सुटका झाली. तिला कागदाने तारलं. इसामूकडे असा कागद कधीच नव्हता.

दोघं किता-कामाकुरात किताओजी रोसान्जिन या नामांकित आणि तितक्याच तापट कुंभाराच्या वाडीतल्या जुन्या शेतघरात राहिले. इसामूला जपान हवं होतं ते गवती छपराचं, मातीच्या भिंतींचं. बायकोने गवताच्या झोरी घालाव्यात असा त्याचा हट्ट; त्यांनी पाय सोलवटतात हे तिने सांगितलं तरी तो ऐकेना. ती खरी जपानी होती आणि तिला साध्या, मऊ चपला चालल्या असत्या. जपानीपण सिद्ध करायची गरज नसलेल्या माणसाची ती सवलत. लग्न पाचेक वर्षं टिकलं.

साठच्या दशकात तो शिकोकू बेटावरच्या मुरे गावी जाऊ लागला. आजूबाजूच्या डोंगरातून निघणारा ‘आजी’ दगड म्हणजे बारीक दाण्याचा, छिन्नीची धार खाणारा कठीण ग्रॅनाइट. गावात सकाळपासून दगड फोडण्याचा आवाज. इझुमी मासातोशी हा तिथला तरुण पाथरवट त्याच्या हाताखाली, किंवा खरं तर बरोबरीने, काम करू लागला. 1969 पासून मुरेत त्याचं कायमचं ठिकाण झालं. इझुमीने त्याच्यासाठी एक जुनं घर दुसऱ्या गावाहून खांब-तुळया सोडवून आणून इथे पुन्हा उभं केलं. वर्षातले काही महिने न्यूयॉर्क, काही महिने मुरे. दगडात कुठे पाचर बसवायची, कुठे थांबायचं, यावर दोघं फार बोलत नसत. इथे कुणी त्याला वही दाखव म्हटलं नाही.

1988 च्या 17 नोव्हेंबरला, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी, साप्पोरो शहरातल्या मोएरेनुमा उद्यानाचा नमुना त्याच्यासमोर मांडला गेला. कचरा टाकायच्या मैदानावर हे उद्यान होणार होतं आणि त्यात मुलांना चढता येईल अशी डोंगरासारखी रचना होती, जिची कल्पना त्याने 1933 साली न्यूयॉर्कसाठी मांडली होती आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी हसण्यावारी नेली होती. त्या 30 डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. उद्यान 2005 मध्ये पुरं झालं.

केइओतली बापाच्या स्मरणाची बैठक 2003 साली विद्यापीठाने कायदा शाखेच्या नव्या इमारतीसाठी पाडली. विरोध झाला, प्रकरण न्यायालयातही गेलं. तिचा एक भाग कापून त्या इमारतीच्या गच्चीवर नेऊन बसवला आहे.

मुरेतलं अंगण मात्र इझुमीने हलवलं नाही. अर्धवट फोडलेले दगड त्याच जागी आहेत, पाचरींच्या खाचांसकट. 1999 पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येतं. बरीच वर्षं तिथे थेट जाऊन चालत नसे. यायचं असेल तर आधी जोडकार्ड पाठवायचं, त्यावर आपलं नाव लिहायचं आणि कोणत्या दिवशी यावं याचं उत्तर टपालाने येण्याची वाट पाहायची.